काठी खाली ठेवायची होती

हॉलमध्ये चोवीस खुर्च्या होत्या. वीस प्लॅस्टिकच्या, चार गादीच्या, आणि त्या चारांपैकी दोन खुर्च्यांच्या पाठीवर पांढरे टॉवेल. पंखे सहा, चालू चार. टेबलावर नावांच्या आठ पट्ट्या, आठ फाइली, आठ पेनं, बिस्किटांच्या दोन बशा. आणि कोपऱ्यात, कापडी खोळीत, आमची काठी: अ‍ॅल्युमिनियमची, पोकळ, दोन मीटर चाळीस सेंटीमीटर लांब, वजन एकशे साठ ग्रॅम.

मी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांतल्या दहा काढून गोलात मांडल्या होत्या. चहाची किटली ठेवायला आलेल्या शिपायाने त्या पाहिल्या आणि एकेक उचलून परत रांगेत लावायला सुरुवात केली.

"अहो, राहू द्या ना. गोलात बसायचंय सगळ्यांना."

"नाही चालायचं मॅडम. साहेबांची पाठ दाराकडे येते."

"गोल म्हटला की कोणाची तरी येणारच."

"कोणाची तरी येऊ द्या ना. साहेबांची नको." त्याने टॉवेलवाल्या दोन खुर्च्या पुढे ओढल्या आणि त्यांच्यामध्ये बरोबर एका टीपॉयचं अंतर सोडलं.

एम.एस्सी. फिजिक्स करून मी हर्षद ओक सरांच्या संस्थेत लागले होते. सरकारी अधिकाऱ्यांना नेतृत्व आणि समन्वय शिकवणं हा सरांचा व्यवसाय. सामान नेणं, खेळ मांडणं आणि कोण काय करतं ते टिपून ठेवणं हे माझं काम. काठीचा खेळ मला सगळ्यांत आवडायचा, कारण तो मला पूर्ण समजला नव्हता.

ज्या जिल्ह्यात आम्ही गेलो होतो, तिथे आदल्या ऑगस्टमध्ये धामणसरा धरणाचं पाणी खालच्या आडगव्हाण गावात शिरलं होतं. एक म्हातारा, त्याची बायको आणि त्यांची नात, अशी तीन माणसं गेली. त्यावर कलेक्टरांनी दोन आदेश काढले. पहिला, त्या दिवशी ज्या आठ अधिकाऱ्यांकडे काही ना काही काम होतं, त्यांना समन्वयाचं प्रशिक्षण द्यावं. दुसरा, चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी. चौकशी अधिकारी म्हणून उपजिल्हाधिकारी रणदिवे यांना नेमलं होतं. रणदिवे त्या आठांतलेच एक होते.

प्रशिक्षण त्या दिवशी होतं. चौकशीची शेवटची सुनावणी दुसऱ्या दिवशी.

सात जण आले, पण आत कोणी आलं नाही. व्हरांड्यात उभे राहिले. रणदिवेंची गाडी आली, रणदिवे आत येऊन टॉवेलच्या एका खुर्चीत बसले, तेव्हा बाकीचे शिरले. दुसऱ्या टॉवेलच्या खुर्चीत पाटबंधारे खात्याचे कार्यकारी अभियंता मुळ्ये बसले. उंच, हडकुळे, सतत घसा साफ करणारे. तहसीलदार अंजना गावित आणि पोलीस निरीक्षक दाभाडे यांनी उरलेल्या दोन गादीच्या खुर्च्या घेतल्या. गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी आणि नायब तहसीलदार मागे प्लॅस्टिकवर. शाखा अभियंता निकुंभ सगळ्यांत मागे, त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या.

मी नावाच्या पट्ट्या वाटत होते. निकुंभांनी आपली पट्टी घेऊन शर्टाला लावली, तशी दाभाडेंनी मान मागे वळवली.

"निकुंभ, पट्टी जपून ठेवा बरं का. हुद्दा छापलाय त्यावर. परवापासून कामाला येईल, दाखवायला."

दोघं-तिघं हसले.

"तुमची गाडी आणून ठेवलीय का साहेब?" निकुंभ म्हणाले. "का उद्या मागवणार?"

"गाडीचं काय, उभीच असते. अहवालात नाव येऊ द्या फक्त. हलगर्जीपणाने मृत्यू. मला दुसरं काही शोधायचं नाही."

"पुरे," रणदिवे म्हणाले. ते दोघांना म्हणाले असं दिसलं, पण पाहत निकुंभांकडे होते.

ओक सरांनी "मित्रहो" म्हणून सुरुवात केली. नेता म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय. मुळ्ये फोनमध्ये पाहत होते. गावितबाई पेनाचं टोपण काढून लावत होत्या. वीसेक मिनिटांनी रणदिवेंनी हात वर केला.

"ओक, हे सगळं पुस्तकात आहे. आम्हाला कामं आहेत. तुमचा तो खेळ का काय तो घ्या आणि मोकळं करा."

म्हणून काठी लवकर निघाली.

समोरासमोर चार-चार जण उभे केले. प्रत्येकाने दोन्ही हातांची पहिली बोटं पुढे करायची, पिस्तुलासारखी. त्या सोळा बोटांवर मी काठी आडवी ठेवली. उंची टेपने मोजली: एकशे वीस सेंटीमीटर.

"नियम दोनच," ओक सर म्हणाले. "काठी खाली जमिनीवर ठेवायची. आणि कोणाचंही बोट काठीपासून सुटता कामा नये. ज्याचं सुटेल त्याच्यामुळे सगळ्यांना परत सुरुवात करावी लागेल."

"एवढंच?" मुळ्ये म्हणाले. "एवढ्यासाठी पुण्याहून आलात?"

"करून बघा सर."

"बघायचंय काय त्यात? चला, खाली."

काठी वर गेली.

ती नेहमीच जाते. एकशे साठ ग्रॅम सोळा बोटांत वाटले तर एका बोटावर दहा ग्रॅम येतात. एवढं वजन बोटाला कळत नाही. मग आपलं बोट टेकलंय की सुटलंय याची खात्री करायला प्रत्येक जण किंचित दाबतो. काठी किंचित उचलली जाते. बाकीच्यांना आपलं बोट सुटल्यासारखं वाटतं, तेही दाबतात. कोणीच उचलत नसतं, आणि काठी चढत असते. आधीच्या गटांत मी मोजलं होतं. मुख्याध्यापकांची काठी नऊ सेंटीमीटर चढून मग खाली आली. जिल्हा रुग्णालयातल्या नर्सेसची चारच चढली. त्यांतली एक म्हणाली, "थांबा गं सगळ्या, आधी श्वास घ्या," आणि मग ती बोलत राहिली आणि बाकीच्या तिच्या आवाजावर गुडघ्यात वाकत गेल्या. बँकवाल्यांची चौदा. किती चढेल हे कशावर ठरतं, ते मला शोधायचं होतं. म्हणून टेप.

"अरे, वर कुठे चाललीय?" रणदिवे म्हणाले.

"कोण ढकलतंय?"

"मी नाही सर."

"खाली घ्या ना. खाली म्हणजे खाली!"

"बोट सुटतंय साहेब..."

"सोडू नका बोट!"

मी काठीच्या मध्यावर टेप धरला. एकशे एकेचाळीस. एकवीस सेंटीमीटर. इतकी कोणाची गेली नव्हती.

"थांबा." रणदिवेंनी हात काढले. काठी खणकन पडली. "कोण उचलत होतं?"

ओक सर पुढे झाले. "सर, इथेच तर गंमत आहे. आपण आता सगळे मिळून याच्यावर..."

"ओक, एक मिनिट. आठ माणसांत काठी आपोआप वर जात नाही. कोणीतरी उचलतंय. ते कोण, एवढं आधी कळू द्या. मग तुमची गंमत." ते मुळ्येंकडे वळले. "तुमच्या बाजूने उचलली जात होती."

मुळ्येंनी घसा साफ केला. मग डावीकडे, ओळीच्या टोकाला पाहिलं.

"निकुंभ, तुम्ही जरा बाहेर व्हा."

निकुंभ जागचे हलले नाहीत. "मी?"

"हो, तुम्ही. व्हा बाहेर."

"लेखी आदेश द्या साहेब."

दाभाडे फस्सकन हसले. गावितबाईंनी तोंडावर रुमाल धरला. मुळ्येंचे कान लाल झाले.

"निकुंभ, मस्करी करायची वेळ आहे का ही?"

"मस्करी नाही साहेब. माझं तोंडी काही चालत नाही, हे तुम्हीच त्या दिवशी सांगितलंत. लेखी द्या, लगेच होतो."

"बाहेर व्हा," रणदिवे शांतपणे म्हणाले.

निकुंभ बाहेर झाले. एक खुर्ची भिंतीपाशी ओढून, पायावर पाय टाकून बसले. सात जणांच्या बोटांवर मी काठी पुन्हा ठेवली. एकशे वीस.

"आता बघा कशी जाते खाली," मुळ्ये म्हणाले.

एकशे त्रेचाळीस.

मी आकडा टिपला. भिंतीकडून आवाज आला, "किती झाली मॅडम?"

मी सांगितलं.

"आधी?"

"एकेचाळीस."

"बरं," निकुंभ म्हणाले.

"चहा घेऊ," रणदिवे म्हणाले.

चहाला सगळे व्हरांड्यात गेले. निकुंभ खुर्चीतच राहिले. मी टेप गुंडाळत होते.

"मॅडम, हे मोजून तुम्हाला काय मिळतं?"

"काही नाही. कुतूहल."

"पगार मिळतो की. आम्हाला खेळवायचा." त्यांनी खिशातून बडीशेप काढली, मला विचारलं नाही. "तुमच्या काठीने माझी नोकरी वाचणार आहे का? नाही ना? मग आज कशाला? उद्या सकाळी एकदाचं नाव लिहितील, दाभाडे घेऊन जातील, विषय संपला."

"पण तुमचंच नाव का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला एम.एस्सी. कोणी दिली.

"त्या दिवशी धरणावर मी होतो म्हणून. बाकीचे सगळे ऑफिसात. हे बघा, धरण भरत आलं की दारं थोडी थोडी उघडायची असतात. सकाळपासून थोडं थोडं सोडलं की नदी पात्रातच राहते. थांबलात की पुढे एकदम सोडावं लागतं, मग ती गावात घुसते. आडगव्हाणात पाणी किती चढणार, ते पावसावर कमी आणि आमच्या परवानगीवर जास्त."

"परवानगी कोण देतं?"

"दारं उघडायची मुळ्ये साहेब. पण त्याआधी खालची गावं सावध करायची. ते काम कंट्रोल रूमचं. कंट्रोल रूमला रणदिवे साहेब. मी सकाळी दोघांना फोन केले. रणदिवे साहेब म्हणाले, किती पाणी सोडणार ते लेखी द्या, मग गावं सावध करतो. मुळ्ये साहेब म्हणाले, गावं सावध केल्याचं लेखी येऊ द्या, मग किती सोडायचं ते सांगतो."

"मग?"

"मग काय? धरणाला लेखी वाचता येत नाही. ते भरलं. संध्याकाळी सगळी दारं एकदम उघडली."

"तुम्ही थेट गावात फोन का नाही केला?"

"तुम्हीपण चौकशी अधिकारी झालात का?" त्यांचा आवाज चढला. व्हरांड्यातून कोणीतरी आत डोकावलं. त्यांनी आणखी बडीशेप तोंडात टाकली. "पोलीस पाटलाचा नंबर आहे माझ्याकडे. त्याच्या आदल्या वर्षी केला होता मी फोन. थेट. पाणी आलं नाही, मुळ्ये साहेबांची कारणे दाखवा नोटीस आली. सक्षम अधिकाऱ्याला डावलून घबराट पसरवली. ती नोटीस आहे बरं का लेखी. माझे फोन तोंडी. चौकशीत काय धरतात, सांगा बरं."

मी टेप खिशात घातला.

"शाळेच्या भिंतीवर खूण आहे पाण्याची," ते म्हणाले. "मोजायचा एवढा नाद आहे, तर ती मोजा जाऊन. एकशे बत्तीस भरते. मी मोजलीय."

बाकीचे आत आले. ओक सरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की काठी आता आवरायची, जेवणाआधी विश्वासावरची फिल्म दाखवू. मी खोळ उचलली, तोच रणदिवे बाही वर करत आले.

"कुठे चालली काठी? ठेवा इकडे."

"सर, या खेळाचा हेतू असा आहे की..."

"ओक, प्रशिक्षण आम्हाला आहे ना? मग शिकू द्या. सात माणसांत वर जाते म्हणजे सातांतही कोणीतरी आहे." त्यांनी ओळीवर नजर फिरवली. "नायब तहसीलदार, तुम्ही बाहेर. आणि डॉक्टर, तुम्हीसुद्धा. तुमचे हात थरथरतात."

"मला शुगर आहे सर," आरोग्य अधिकारी म्हणाले.

"म्हणूनच. व्हा."

ते दोघं निकुंभांच्या बाजूला येऊन बसले. एक-एक खुर्ची सोडून. पाच जण उरले. एकशे वीसवरून सुरुवात. आता कोणी "खाली" म्हणत नव्हतं. प्रत्येक जण फक्त समोरच्याच्या बोटांकडे पाहत होता.

"एकशे पंचेचाळीस," मी म्हणाले.

"ओरडू नका हो," मुळ्ये म्हणाले. "लिलाव चाललाय का?"

गटविकास अधिकाऱ्यांनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. "मी होतो बाहेर सर," म्हणाले आणि झाले. चार उरले: एका बाजूला रणदिवे आणि गावितबाई, दुसऱ्या बाजूला मुळ्ये आणि दाभाडे.

एकशे सत्तेचाळीस. गावितबाई बुटक्या. त्यांची बोटं आता डोळ्यांसमोर आली होती. त्या टाचा उंचावून उभ्या होत्या.

"गावित, तुम्ही उचलताय," रणदिवे म्हणाले.

"मी लोंबकळतेय सर. उचलणार कुठून?"

"तरीपण. तुम्ही जरा..."

"समजलं. आता माझा नंबर." त्यांनी हात काढून पदर सारखा केला. "सेवाज्येष्ठता यादी समोर ठेवली असती तरी बाहेर काढायचा क्रम हाच आला असता. एकही चुकली नाही तुमची जागा."

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"काही नाही सर. बसते."

दाभाडे आपण होऊन मागे सरले. "मी बाहेरून बंदोबस्त बघतो साहेब. दोघांत बरं कळेल, कोण ते."

हॉलमध्ये हसणं थांबलं. टेबलाशेजारी ओक सर हात बांधून उभे होते आणि माझ्याकडे डोळ्यांनी खुणावत होते, की काहीतरी कर. काय करायचं ते मला कळलं नाही. मी काठी त्या दोघांच्या बोटांवर ठेवली. एकशे वीस. रणदिवे आणि मुळ्ये समोरासमोर, दोघांत हातभर अंतर. चार बोटं.

आता एका बोटावर चाळीस ग्रॅम येत होते. चाळीस ग्रॅम बोटाला कळतात. माझ्या हिशेबाने काठी खाली जायला हवी होती. मी टेप घेऊन अगदी जवळ उभी राहिले.

"घ्या खाली," रणदिवे म्हणाले.

"घेतो. तुम्ही घ्या."

"मी घेतोच आहे. तुमचं बोट वर येतंय."

"माझं बोट काठीला लागून आहे. तुम्ही उचललीत की मला लावावंच लागतं. नाहीतर बोट सुटलं म्हणाल."

"मी उचलत नाही. मुळ्ये, तुम्ही उचलता, म्हणून मला..."

"आधी तुम्ही खाली घ्या, मग मी."

"आधी तुम्ही."

"का? मी का?"

"धरण तुमचं आहे!"

"कंट्रोल रूम तुमची होती!"

काठी त्यांच्या हनुवट्यांच्या वर गेली होती. मुळ्ये उंच म्हणून ती एका बाजूला कलली होती. रणदिवेंच्या कपाळावर घाम आला होता, तो पुसायला त्यांना हात काढता येत नव्हता. दोघांनी एकमेकांवरची नजर काढली नाही.

"किती झाली मॅडम?" भिंतीकडून.

मी मध्यावर टेप लावला. दोनदा पाहिलं.

"एकशे त्रेपन्न."

निकुंभ खुर्चीतून उठले नाहीत. पाय मात्र खाली घेतला.

"साहेब, नोंद घ्यावी. मी इथे बसलोय."

काठी पडली. कोणी आधी हात काढला ते मला दिसलं नाही. मी टेपकडे पाहत होते. काठी फरशीवर गोल फिरत जाऊन निकुंभांच्या बुटाला लागली. त्यांनी ती उचलून गुडघ्यांवर ठेवली.

रणदिवेंनी खिशातून रुमाल काढला. कपाळ पुसलं, मग प्रत्येक बोट वेगवेगळं पुसलं.

"निकुंभ, उद्या अकराला सुनावणी आहे," ते म्हणाले. "तिथे बोला काय ते. इथे खेळ चाललाय."

"तिथे तुम्हीच ना साहेब?"

"हो. मीच."

जेवणानंतर विश्वासावरची फिल्म दाखवली. शेवटी प्रमाणपत्रं दिली आणि फोटो काढला. फोटोत निकुंभ नाहीत. पट्टी टेबलावर ठेवून ते आधीच गेले होते.

परतताना गाडीत ओक सरांनी फाइल मिटून ठेवली. मग म्हणाले, "तू आकडे मोठ्याने का वाचलेस?"

"त्यांनी विचारले."

"कोणी विचारले? निकुंभने. त्या खोलीत बाकी कोणी तुला काही विचारलं होतं?"

"नाही."

"मग?" त्यांनी खिडकीची काच वर केली. "कलेक्टर ऑफिसला अहवाल जाईल त्यात लिही, गटाच्या समन्वयात लक्षणीय सुधारणा दिसून आली."

"सर, काठी दर वेळी जास्त वर गेली."

"काठी वर गेली असं कळवून पुढची बॅच मिळते का?"

"मी आकडे देते. त्यांच्यापुढे शब्द तुम्ही घाला."

त्यांनी घातले. माझं नाव त्या अहवालातून काढलं, आणि पुढच्या महिन्यात संस्थेतून मी निघाले.

सुनावणीत निकुंभांनी मला साक्षीला बोलवावं अशी मागणी केली होती, हे मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. सदर बाब मनोरंजनात्मक स्वरूपाची असल्याने अमान्य, असं उत्तर मिळालं. जबाबदारी निश्चित झाली. निकुंभ निलंबित झाले, दाभाडे गाडी घेऊन गेले, चार दिवसांनी जामीन झाला. रणदिवे बढतीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि त्यांच्या खुर्चीत दुसरे साहेब आले. मुळ्ये आहे तिथेच राहिले. धरणावर निकुंभांच्या जागी पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक नवीन शाखा अभियंता आला.

पुढच्या पावसाळ्यात मी एका संशोधन संस्थेत नद्यांच्या पातळ्या मोजायच्या कामावर होते. ऑगस्टअखेरीस एका सकाळी फोन आला.

"निकुंभ बोलतोय. टेप आहे का तुमच्याकडे अजून?"

"आहे."

"आडगव्हाणला या. माझ्या मोजण्यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. आरोपी आहे मी."

मी गेले. एसटी फाट्यापर्यंतच होती, पुढे चिखल. शाळेच्या फाटकापाशी निकुंभ उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. वर्षभरात ते वाळले होते, मिशी पांढरी झाली होती. "या," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

शाळेत एक बाई मुलांच्या वह्या वर्गाबाहेर ओट्यावर उन्हात पसरत होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली होती.

"माणसं?" मी विचारलं.

"माणसं वाचली," बाई म्हणाल्या. "नदी लाल दिसायला लागली तशी आपली आपण टेकडीवर गेली. या खेपेला फोनची वाट कोणी पाहिली नाही. जनावरं सोडायला मात्र वेळ नाही मिळाला. सदतीस गेली."

"गावाला कळवलं नव्हतं कोणी?"

"आला होता फोन. आम्ही टेकडीवर पोचल्यावर."

"त्या नवीन पोराने सकाळी दोन्हीकडे फोन केले होते," निकुंभ म्हणाले. "कंट्रोल रूमने सांगितलं, किती सोडणार ते लेखी द्या. मुळ्ये साहेबांनी सांगितलं, गावं सावध केल्याचं लेखी आणा. पोराने मला फोन केला, काय करू म्हणून. मी म्हटलं, पोलीस पाटलाला कर. तो म्हणाला, तुमचं काय झालं ते माहीत आहे ना मला."

"मग तुम्ही केलात?"

"केला की. तीनदा केला. पाटील म्हणाला, तुम्ही निलंबित आहात साहेब, तुमच्या सांगण्यावर मी गाव हलवलं आणि पाणी नाही आलं तर?" ते थोडं हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "काल त्या पोराला नोटीस आलीय. जबाबदारी निश्चित करायची आहे म्हणे."

"पाऊस किती झाला होता?"

"मागच्या खेपेपेक्षा कमी. धरणावर एकशे सत्त्याऐंशी मिलिमीटर. त्या वर्षी दोनशे बारा."

वर्गाच्या समोरच्या भिंतीवर, फळ्याखाली, जुनी खूण तपकिरी आणि पुसट झाली होती. कोणीतरी तिच्यावर रंगाने तारीख लिहिली होती. नवी अजून ओली होती. तिच्यावर काडीकचरा चिकटलेला होता आणि ती फळ्यावरून गेली होती, अर्ध्या पुसलेल्या बेरजेच्या मधून.

निकुंभ उकिडवे बसले. टेपचं टोक त्यांनी फरशीवर अंगठ्याने घट्ट दाबून धरलं. मी दुसरं टोक वर नेलं, दोनदा पाहिलं.

"किती?" त्यांनी खालून विचारलं.

जुनी एकशे बत्तीस सेंटीमीटर. नवी एकशे एकोणपन्नास.